आठ दिवसांचं अर्धं

पंधरा दिवस मासळी बंद.
पुडीतलं मीठ बंद, मिठागरातलं मीठ बंद,
सुंगटांचं सुकं, दूध, अंड्याचा बलक बंद.
रामनाथ म्हणाला, म्हापशाच्या बाजारात
बांगड्यांच्या पाटीकडे वळूनही पाहिलं नाही.
खोटं. हाताला वास होता.

ग्रंथी आता गळ्यात नाही,
पण तिचे चुकार कण कुठेतरी दडलेले असणार.
त्यांना उपाशी मारायचं,
इतकं, की आयोडीन दिसताच
मागचा-पुढचा विचार न करता गिळतील.
"म्हणजे गळच टाकायचा," मी म्हटलं, "गळ्यात."
ब्रिजेट हसली नाही.
शिशाचा डबा उघडून, लांब चिमट्याने
तिने कुपी पुढे केली
आणि दोन पावलं मागे सरली. मग तिसरं.

दुप्पट अंतर, पाव मात्रा.
बावीस वर्षं फळ्यावर हे लिहिलं
पेडण्याच्या शाळेत, खडू मोडेपर्यंत.
माझ्यापासून मात्र कुणी
असं मोजून दूर गेलं नव्हतं.

कॅप्सूल. पाणी. दार बंद.

त्रेपन्न प्रोटॉन, अठ्ठ्याहत्तर न्यूट्रॉन.
मिठातल्या साध्या आयोडीनपेक्षा चार जास्त,
आणि तेवढ्यानेच घर डळमळतं.
मग कधीतरी एक न्यूट्रॉन
प्रोटॉन होऊन बसतो,
एक इलेक्ट्रॉन भिरकावतो बाहेर,
जो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो
आणि तेवढ्यातच जाळायचं ते जाळतो.
त्याच्या मागून गॅमा,
ज्याला माझी कातडी म्हणजे उघडं दार.
मागे उरतो झेनॉन,
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
मरत कुणी नाही. नाव बदलतं.
मीही ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेली
शालन आहे;
त्या सकाळपर्यंत कुसुम होते.

बांबोळीच्या पठारावर रात्री
खिडकीतून झुवारीतल्या बार्जींचे दिवे दिसतात.
दिवा मालवून मी हात पाहिला.
चमकत नव्हता.
लिंबाची गोळी चघळायची, पाणी प्यायचं,
फ्लश दोनदा ओढायचा,
आणि तेजू हरमलकर आठवायचा:
शेवटचा बाक, पायाला रेती.
"बाई, आठ दिवसांत अर्धे जातात ना,
मग आधी कोण जाणार, ते कसं ठरतं?"
"अभ्यासक्रमात नाही," मी म्हटलं होतं.
तेजू आता ट्रॉलरवर असतो म्हणतात.

ठरत नाही रे तेजू.
तापव, आम्लात बुडव,
शांतादुर्गेला नवस बोल,
आकडा तसूभर हलत नाही.
काल जो अणू उरला
तो आज एका दिवसाने म्हातारा नसतो.
थकत नाही, त्याची पाळी जवळ येत नाही.
प्रत्येक क्षणी तो पहिल्याच दिवसाचा.
एकट्याचं काही सांगता येत नाही,
खंडीभराचं मात्र अचूक सांगता येतं.
तुला हे तेव्हा सांगायला हवं होतं,
निदान माहीत नाही, असं तरी.

तिसऱ्या दिवशी ब्रिजेट दारात.
हातातलं यंत्र आधी कडकडलं,
जरा मागे गेल्यावर तुरळक टकटकलं,
छपरावर चिंचोके पडावेत तसं.
"जा घरी," ती म्हणाली. "मुलांना जवळ घेऊ नका."

मूल आम्हाला नाही.
भाडेकरूंची ईव्हा आहे, चार वर्षांची,
जिला माझी मांडी तिचीच वाटते.
रामनाथने सोप्यावर खडूची रेघ ओढली.
रेघेपलीकडे ती रोज बसते, चपला पुढे सारून,
अंगठे बरोब्बर रेघेवर.
"अजून किती उरलं?"
"अर्धं."
परवा परत, "किती?"
"त्याच्या अर्धं. थोडं कमीच, कारण अंगही बाहेर टाकतं."
"मग संपतं कधी?"
बावीस वर्षांत इतकं नेमकं
कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, संपत नाही गं, 
मोजता येईनासं होतं.
तिला ते पटलं नाही.
एक चप्पल तिने हळूच रेघेअलीकडे ढकलली,
माझ्याकडे बघत.

आतून रामनाथचा आवाज,
तव्यावर बांगडा, खिडकी उघडी:
"मीठ घालू?"

घाल.