तक्त्यावरचा नळ

सिलासमामा खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन.
आठवडाभर काडतुसाचे छेद काढायचा,
रेघ केसाइतकी बारीक,
आणि रविवारी उपासनेहून आला की
त्याच पेन्सिलीने जगाचा शेवट.

नाना पेठेत दोन खोल्या. भिंतभर तक्ता.
डावीकडे बाबेल, उजवीकडे नवं यरुशलेम,
मधे लाल शाईत एकोणीसशे अठ्ठेचाळीस,
त्याला चौकट, चौकटीतून बाण.
"अंजिराला पालवी फुटली, कळलं का?
हे राष्ट्र उगाच नाही उभं राहिलं.
अडीच हजार वर्षं आधी लिहून ठेवलंय."
एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं.
बेरीज मी केली, तिसरीत होते.
अठ्ठ्याऐंशी.
मामा म्हणाला, शाबास.
त्या रात्री मी झोपले नाही. तेव्हा मी एकवीसची असणार,
लग्न झालेलं असेल की नसेल?

रास्ता पेठेत, केईएमच्या मागे,
शोशनाबाई चेऊलकर शिवण करायच्या.
मामा त्यांच्याकडे शर्टाच्या कॉलरी उलटवायला द्यायचा
आणि कॉलरीच्या निमित्ताने विषय काढायचा:
"तुमची माणसं तिकडे जाताहेत ना,
ती खोऱ्यातली वाळकी हाडं उठताहेत, बाई.
तुमचा भाऊसुद्धा त्यात आला."
बाईंच्या ओठांत टाचण्या.
एकेक काढून उशीत खोचत म्हणाल्या,
"हाडांचं मला ठाऊक नाही, हिवाळे.
भाऊ माझा हसकेल, तुमच्या त्या संदेष्ट्याचंच नाव.
तो उठतो रात्रपाळीला.
दिमोनाला, कापडगिरणीत. कंबर धरलीय त्याची.
लिहितो, इथे कढीपत्ता मिळत नाही."

मामाने तेही वहीत उतरवलं.
कढीपत्त्याला वचन सापडलं नाही.

खाली भाड्याने राहायचा निदाल, वाडियात शिकणारा.
एकदा गॅसची टाकी वर आणून दिली,
घाम पुसत तक्त्यापुढे थांबला.
"अंकल, इसमें मेरा गाँव किधर है?"
मामाने पट्टी लावली, चष्मा लावला,
नाव पुन्हा विचारलं, पुन्हा शोधलं.
तिथे नेमकं बाणाचं टोक होतं.
चहा घेतल्याशिवाय गेला तो.
मामा त्या दिवशी जेवताना काही बोलला नाही,
एवढंच, की टाकी जड होती पोराला.

अठ्ठ्याऐंशी आलं.
एकतीस डिसेंबरला मामा स्वेटर, मफलर घालून
गच्चीत खुर्ची टाकून बसला.
कॅम्पाकडे फटाके वाजले.
मग थंडी. मग दूधवाला.
मामाने खोडरबर घेतला.
पिढी सत्तर वर्षांची झाली, पुढे ऐंशीची,
कागद तिथे इतका झिजला
की आरपार भिंतीचा निळा रंग दिसायचा.

एक्क्याण्णवला शोशनाबाईही निघाल्या.
स्टेशनवर मामा सायकलने आला,
हँडलला लिंबाच्या लोणच्याची बरणी, फडक्याने बांधलेली.
मला वाटलं, आता वचन काढणार.
त्याने नाही काढलं.
"तिकडे अंजिराचं झाड दिसलं तर कळवा," एवढंच.
गाडी हलल्यावर म्हणाला,
"आता कॉलरी कोण उलटवणार?"

चार महिन्यांनी निळं आंतरदेशीय नव्हे, विमानपत्र आलं,
तिरक्या मराठीत.
लोणचं प्रवासात सांडलं, अर्धं वाचलं.
हसकेलची कंबर तशीच.
झाड आहे, नगरपालिकेच्या नळाजवळ.
फळं धरतात, पण पिकायच्या आधी पाखरं खातात.
नळ गळतो. तक्रार केलीय, बघू.

मामाने ते पत्र चार दिवस खिशात ठेवलं.
मग पेन्सिलीला टोक केलं
आणि तक्त्यावर, अठ्ठेचाळीसच्या चौकटीशेजारी,
एक नळ काढला. छेदासकट.
वॉशर, आटे, सगळं मापात.
खाली एक थेंब.

आता मामा नाही. तक्ता माझ्याकडे आहे, गुंडाळी करून.
परवा मंडळीतला तरुण आला, फोटो घ्यायला,
म्हणाला, हल्ली बातम्या बघताय ना, सगळं जुळतंय.
जमिनीवर पसरून, गुडघे टेकून
त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचलं,
आणि बोट ठेवून मला विचारलं,
हा नळ कुठल्या अध्यायातला?