शेऱ्याचा रकाना

मुस्तवेच्या शाळेतला बॉयलर
माझ्याकडे आला सप्टेंबर संपताना,
एन्डेलच्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर.
किल्ल्या, कुऱ्हाड आणि एक जाड नोंदवही.
रकाने पाच. तारीख, बाहेरचं तापमान, पाण्याचं तापमान,
लाकूड किती,
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद, शेरा.

एकोणीस हिवाळे एन्डेलने त्यात लिहिलं होतं
'काही नाही'.
पुढे पुढे 'का. ना.'
शेवटी नुसता आडवा दांडा,
भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

मीही दांडाच मारणार होते.
पण त्या पहाटे सरोवराकडून वारा आला
आणि अंगणातला मेपल
एका दमात अर्धा रिकामा झाला.
कुणाला सांगावं, तर
साडेपाचला शाळेत असतं कोण?
हात काजळीने काळे. पेन्सिल सुतळीला बांधलेली.
लिहिलं: मेपल, डावी बाजू, गेली.

दुसऱ्या दिवशी: उजवीही.

तिसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही,
आणि तोच दिवस अवघड.
पाणी बासष्ट अंशांवर,
पेन्सिल उंबऱ्यात अडलेल्या गाईसारखी.
बराच वेळ भट्टीचं दार ऐकत बसले.
मग: ओला अल्डर जळताना मुसमुसतो,
बर्च मात्र बडबड्या.
लहानपणापासून लाकूड जाळतेय,
हे मला माहीत आहे
हे मला माहीत नव्हतं.

रोज लिहायचं ठरवलं वगैरे नाही.
ठरवलेलं माझ्या हातून टिकत नाही,
कपाटात एका बाहीचा स्वेटर आहे, विचारा त्याला.
पण मुलं गारठ्यात बसू शकत नाहीत,
म्हणून भट्टी रोज,
आणि भट्टीशेजारीच वही.
एवढीच माझी शिस्त. तीही लाकडाची.

करकोचे गेले. मोजत होते, एकशे अकरावर चुकले.
येवदोकियाने कांद्यांची वेणी दिली, पैसे घेईना.
पाऊस. पाऊस. पाऊस, पण तिरका.
झाडलेली पानं झाडायच्या आधी होती तितकीच.

अठरा तारखेला ताप होता, रकाना कोरा राहिला.
दाढ पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते
तशी नजर जात राहिली आठवडाभर.
मागाहून भरता आला असता.
नाही भरला. ताप होता तो दिवस, तसाच असू दे.

नोव्हेंबरात घरोघर खिडकीत मेणबत्ती लागली
गेलेल्या माणसांसाठी.
बाहेर उणे एक. लाकूड दोन गाड्या.
शेऱ्यात लिहिलं: काल्यू.
आणि पुढे काही सुचेना,
तेव्हा टिंब दिलं.

डिसेंबरच्या तोंडावर तालविक साहेब तपासणीला आले.
लाकडाची बेरीज करता करता
त्यांचं बोट उजवीकडे सरकलं, मग पान उलटलं,
मग मागचं पान, त्याच्याही मागचं.
चहा निवला.
'हे काय आहे?'
'शेरा,' मी म्हटलं. 'रकान्यातच आहे. बाहेर गेले नाही कुठे.'
त्यांनी खाली सही केली, सवयीने 'पाहिले' असं लिहिलं,
पेनाचं टोपण लावलं,
पुन्हा काढलं:
येताना रस्त्यात धुकं होतं. थांबलो होतो.

मे महिन्यात भट्टी बंद झाली.
वही मुख्याध्यापिकांच्या कपाटात जायची होती.
सकाळी साडेपाचला जाग आलीच,
पाय आपले आपण निघाले.
भट्टी गार. मेपलला बोटभर पानं फुटलेली,
वहीत अजून सतरा उरलेली.
तारीख घातली. बाहेर नऊ अंश. पाणी, मोजलं नाही.
लाकूड, शून्य.
मग त्या रुंद रकान्यात बसले बराच वेळ.

घरी येऊन पाहते तर
हात काळेच,
नुसत्या पेन्सिलीने.