छाट

चेकरनं सूप हलवलं आणि अनसूयाच्या विड्या
बाजूला टाकल्या. एक, दोन, मग मूठभर.
छाट.
नऊ वर्षांत तिची छाट कधी दहाच्या वर गेली नव्हती.
पान वाकडं कापलेलं. दोरा कुठं दोनदा गुंडाळलेला,
कुठं गुंडाळलाच नाही.
"उन्हामुळं," ती म्हणाली.
सोलापुरात सगळं उन्हामुळंच होतं.
पाय सुजतात उन्हामुळं, डोकं ठणकतं उन्हामुळं,
आणि डोळ्यांपुढं काजवे?
भर दुपारी काजवे, अनसूया?

आठवा सरत आलेला. सासू सगळ्यांना सांगत होती,
सुनेच्या अंगावर कसं तेज आलंय.
मी तिची जोडवी पाहिली.
मांसात रुतलेली. साबण लावला, तेल लावलं, हलेनात.
मावशी, तेज असं बोटात रुतत नाही,
मी म्हटलं, आणि टोपली ब्रँचमध्येच टाकून
रिक्षा थांबवली.

सिव्हिलमधल्या नर्सनं दंडाला पट्टा बांधला.
सोडला, पुन्हा बांधला. दुसऱ्या दंडाला बांधला.
मग न ओरडता कुणाला तरी हाक मारली.
त्या न ओरडण्यानंच माझे पाय गार पडले.
पक्कडीनं जोडवी कापली त्यांनी.
सासू दारातच बसली, नवरा जिता असताना म्हणत.
मी चांदीचे ते वाकडे तुकडे
पदराच्या गाठीत बांधले.

पोर झाली पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली.
"सुटली बाई," सगळा व्हरांडा म्हणाला.

सुटली.
माझी थोरली, नागमणी, तीपण सुटली होती.
घरीच. पलीकडं माग खडखडत होता,
साखर वाटून झाली होती.
मी तेरा वर्षांची, मला तिच्याजवळ बसवलेलं
वारा घालायला.
कारखान्यातले नवे टॉवेल होते, कडा न शिवलेले.
एक भिजला, मी दुसरा दिला.
दुसरा भिजला, तिसरा दिला.
चौथ्याला तिनं पाणी मागितलं, पण प्यायली नाही.
मला मोजता येत होतं की!
पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
झोपेतही चुकायची नाही मी.
पण ही मोजणी कुणापुढं मांडायची असते,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
"बाळंतिणीचं जातंच," बायका म्हणाल्या.
संध्याकाळी माग बंद केला, तेव्हा ऐकू आलं
घर किती गप्प होतं ते.

म्हणून मी विचारत सुटते. लाज सोडून विचारते.
दहाव्या दिवशी शेपूची भाजी घेऊन गेले आणि
भाजीचं झाकणही न काढता:
कापड तासाला किती बदलतेस?
वास येतो का त्याला?
ती हसली. हसू दे.
थंडी वाजून ताप? एकाच पोटरीत कळ? दम?
नाही, नाही, नाही गं आक्का.
पोरगी मांडीवर, मुठी आवळून झोपलेली.
"हिच्याकडं पाहिलं तरी मला काही वाटत नाही,"
हे तिनं मी न विचारता सांगितलं,
भिंतीकडं बघत, आपल्या घरच्या तेलुगूत.
मी म्हटलं, हेपण सांगायचं. हेपण डॉक्टरला सांगायचं.
हे छाटीत टाकायचं नाही.

मग पदराची गाठ सोडली. सोनाराकडून
डाक देऊन आणलेली जोडवी तिच्या हातावर ठेवली.
तिनं ती डोळ्यांजवळ नेली. आणखी जवळ.
"चार आहेत का?"

दोन होती.

"डोकं दुखतंय तुझं?"
"कालपासनं. थोडंसंच."
आतून सासू म्हणाली, आता कसला दवाखाना,
सुटली की ती.

मी जोडवी परत गाठीत बांधली,
पोरीला दुपट्यात घेतलं,
आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन
दिसेल त्या रिक्षाला हात केला.