दुसरी सही

आमच्या लॅबमध्ये एकाच्या नजरेवर कोणी विसंबत नाही.
हिमोग्लोबिन साडेचार आलं, की आधी मी पाहते,
मग लोटलीकर सर चष्मा कपाळावर सरकवून पाहतात,
मग खाली दोन सह्या.
एक माझी, आखूड. एक त्यांची, शेपटीवाली.
त्याशिवाय कागद खिडकीतून बाहेर जात नाही.

सहाला सायनहून निघते
आणि कुर्ल्याला, नेहरूनगरच्या स्टॉपवर उतरेपर्यंत
एकसहीची होते.

ताप एकशे दोन. वाट बघायची, की रिक्षा पकडायची?
स्कॉलरशिपचा क्लास, की तबला? दोन्हीचे पैसे नाहीत.
काल मारलं, ते जास्त झालं का?
विचारायला मान वळवते
तर तिथे फ्रिज.
फ्रिज घरघरतो.
मी ते ‘हो’ धरते.

लोक म्हणतात, आई आणि बाप, दोन्ही झालीस गं.
नाही झाले.
आईच पुरी होताना दमछाक होते,
आणि उरलेला वेळ मी नुसतीच हेमलता कोंडविलकर असते,
पाय सुजलेली, भजी खावीशी वाटणारी.
बाप ही जागा रिकामी आहे.
तिच्यावर मी इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवते.

परवा निमिषने शाळेतून कागद आणला.
‘माझे बालपण’. पालकांना विचारून भरा.
पहिला दात: सातवा महिना, खालचा, डावीकडचा.
पहिलं पाऊल: गॅलरीत, बादलीच्या दिशेने.
पहिला शब्द:

पहिला शब्द ‘बाबा’ होता.
कॅलेंडरकडे बघून म्हणाला होता.
सगळीच म्हणतात, ओठ मिटून उघडले की पडतोच तो बाहेर.
मला माहीत आहे. मलाच माहीत आहे.
त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो
आणि ज्याला फोन करून सांगायचं
त्याचा नंबर तोवर कल्याणच्या एका प्लंबरला मिळाला होता.

मी लिहिलं: ‘पाणी’.

‘खरंच?’
‘विचार कुणालाही.’
त्याने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं,
मग फ्रिजकडे.
आणि आम्ही इतके हसलो, इतके,
की खालून तांडेलबाईंनी काठीने छत ठोकलं.

हसून झाल्यावर घशात काहीतरी राहिलं.
त्याचं अख्खं लहानपण एकाच डोक्यात ठेवलेलं,
नक्कलप्रत नाही.
मी विसरले, की ते झालंच नाही.
मी चुकीचं लिहिलं, की ते तसंच झालं.
एवढी सत्ता कुणा एकाला देऊ नये.
लॅबमध्ये तर देतच नाहीत.

रात्री गॅस बंद केलाय ना म्हणून उठले.
अंधारात गुडघा टेबलाला लागला.
कुशीवर वळत, डोळे न उघडता तो म्हणाला,
‘बंद आहे. मी बघितलाय.’

नऊ वर्षांचा.

जरा वेळ तशीच उभी राहिले.
खांदे खाली आले. खोटं कशाला बोलू, आले.
त्याच्या पायावरची चादर सारखी केली,
मग स्वयंपाकघरात गेले
आणि बटण पुन्हा स्वतःच्या हाताने चाचपलं.

अजून काही वर्षं
ही सही मी धरणार नाही.