इतर

सव्वीस वर्षं मी पिग्मी गोळा केली.
लक्ष्मीपुरीतली धान्याची दुकानं, चप्पल लाईन, गुजरीतले बोळ,
कुणाचे वीस, कुणाचे पन्नास.
मशीनमधून चिठ्ठी फाडून दिली
की लोक ती न वाचताच खिशात कोंबायचे.
एवढा विश्वास,
की कधीकधी मलाच झोप यायची नाही.

आता शनिवारी दुपारी
तालमीच्या माडीवर दहावीची सात पोरं माझ्यासमोर बसतात.
खाली तांबड्या मातीत कुणी शड्डू ठोकला
की फळ्यावरचा खडू भुरभुरतो.
मी तीन रकाने आखते.
जमा. खर्च. शिल्लक.
"एवढंच?" तनिष्का विचारते.
एवढंच बाई, आणि ह्यातच माणसं बुडतात.

विश्वतेज मंगळवार पेठेत सकाळी पेपर टाकतो,
महिन्याला सहाशे.
त्यानं लिहिलं: रिचार्ज, वडापाव, सायकलचं पंक्चर,
आणि पेठेच्या टीमची वर्गणी, दोनशे.
मी म्हटलं, ही चैन.
तो उठूनच उभा राहिला.
"मॅडम, मॅच हारली की आमच्या गल्लीत कोण जेवत न्हाई,
आनि तुम्ही चैन म्हणताय व्हय?"
पोरं हसली.
गरज आणि चैन ह्यांच्यामधल्या रेघेवर
खडू टेकवून मी बराच वेळ थांबले.
बँकेच्या ट्रेनिंगमध्ये फुटबॉल नव्हता.
शेवटी रेघेवरच लिहिलं: वर्गणी.
शंभर इकडे, शंभर तिकडे.
"नाद खुळा," म्हणाला, आणि बसला.

जोयाचा कागद सगळ्यांत नेटका.
आईच्या हाताखाली साड्यांना फॉल लावते,
साडीमागं पंधरा रुपये, सत्तावीस साड्या, चारशे पाच.
बसचा पास एकशे नव्वद.
वही-पेन सत्तर.
इतर, एकशे ऐंशी.
शिल्लक शून्य.
चारशे पाचातून चारशे चाळीस गेले तर शून्य कसं गं?
आणि हे इतर म्हणजे काय?
ती पेनचं टोपण चावत राहिली.
पिग्मीवाल्या बाईला गप्प बसणं कळतं.
"आज नको, ताई," असं म्हणणारी दारं
मी किती पाहिलीत,
आणि त्यांच्या मागचा कुकर न लागलेला वास.
मी पुढच्या कागदाकडे वळले.

वर्ग सुटल्यावर जिन्यात ती थांबली.
"अब्बांच्या वडापच्या गाडीचा हप्ता.
कमी पडतात तेवढे मी घालते.
त्यांना ठाऊक नाही. अम्मी सांगते, तिनंच भरले."
मी काय सांगणार होते तिला,
मिळकतीतले दहा टक्के आधी बाजूला काढ?
तो धडा पुढच्या शनिवारचा होता,
आणि पाठ होता.
मी एवढंच म्हटलं, इतर खोड. नाव लिही.
"कुणी बघितलं तर?"
मग तुझ्या घरात फक्त तुलाच वाचता येईल असं लिही.
"अरबी माझ्या भावालापण येतं."
मग बारीक लिही.
जिन्यातच, गुडघ्यावर वही ठेवून
तिनं लिहिलं, उजवीकडून डावीकडं,
मुंगीएवढं.
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा
एक नोंद न वाचता तपासली.

मग तिनं शून्य खोडलं.
"वजा पस्तीस. वजा लिहायचं असतं का, मॅडम?"
तेच आधी लिहायचं असतं.

घरी जाताना गंगावेशीत उतरले.
कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, धारा काढणं चाललं होतं.
फेसाळ ग्लास तोंडाला लावला, मिशी आली, पुसली नाही.
पर्समधून डायरी काढली.
दूध, तीस रुपये.
रकाना?
हात सवयीनं इतरकडे गेला,
मागच्या पानांवरही तेच, इतर, इतर, इतर,
ह्यांच्या गोळ्या, नणंदेचं लग्न, माझा चष्मा,
सगळं एकाच शब्दात गुंडाळलेलं.
मी तो शब्द खोडला.
आता तिथं काय लिहायचं,
हे सुचेना म्हणून
अजून एक ग्लास मागवला.