अर्धा मिलिरेडियन

धुळ्यात मे महिना. बाहेर चव्वेचाळीस,
आणि आम्ही काचेची नळी आणखी तापवतोय,
साठपर्यंत, की आतल्या रुबिडियमची
नीट वाफ व्हावी.
आधारभाऊ म्हणतात, गच्चीवर ठेवा ना ताई,
फुकटात व्हई जाई.

नळी अंगठ्याएवढी. रिकामीच दिसते.
पण तिच्यात नेमक्या रंगाचा किरण सोडला
की पलीकडे काळोख.
अणू सगळा गिळून बसतात.
मग त्याच्या सोबतीला दुसरा सोडायचा, जाड, दांडगा,
आणि तेच अणू
हात मागे घेतात.
वर जायच्या दोन वाटा
एकमेकींना खोडतात म्हणे,
अणू खालीच राहतो, अंधारात,
आणि त्याच्या तसं राहण्याने उजेड आरपार जातो.
हे मी तीन वर्षांपूर्वी वाचलं.
गणित सुटतं. अजून पटत नाही.

माझा प्रश्न लहान आहे.
दोन किरणांमध्ये कोन किती?

अगदी बरोबरीने चालले तर खिडकी उघडते
अरुंद, उंच, सुरीने कापल्यासारखी.
जरा फाकले की ती बसकी होते, रुंद होते,
मग नसतेच.
अणू कुठे थांबलेत आमच्यासाठी?
सेकंदाला दोन-तीनशे मीटर पळतात,
आणि आडव्या पळणाऱ्याला
दोन किरण दोन वेगळ्या पट्टीत ऐकू येतात.
त्याने कुणाचा सूर धरावा?

हायवेवरून नाशिककडचा ट्रक गेला
की पडद्यावरची रेघ शहारते.
आम्ही दोघं थांबतो. ट्रक जातो.
आधारभाऊ आरशाच्या स्क्रूला नख लावतात.
जळगावच्या सराफ्यात बावीस वर्षं खडे बसवले त्यांनी,
मालकाने मशीन आणलं तोवर.
स्क्रू फिरल्याचं मला दिसतसुद्धा नाही.
"आते दखा."
पाहते. चार टक्के वाढलेत.

"मंग जोडीनंच लावा ना एकदम," ते म्हणाले,
"कोन काबर?"

मी सांगितलं: एकावर एक बसले
तर पलीकडे आलेल्या उजेडात
कुठला कोणाचा, कसं ओळखायचं?
दांडगा बारक्याला बुडवून टाकतो.
त्यांना वेगळं करणारा काचेचा ठोकळा
दिवाळीपासून खरेदीच्या फायलीत आहे.
म्हणून थोडा कोन. मीटरभर अंतरावर अर्धा मिलिमीटर.
तेवढी पारदर्शकता घालवायची,
कोण आलंय ते कळावं म्हणून.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
चष्मा बनियनला पुसला.
मग म्हणाले, खड्यालेबी घरात फट लागस.
मांगून बुजाई टाकं ते
हिराबी काच दिखस.

रात्री अकराला शेवटचं माप घेतलं.
शून्य कोनाची जागा वहीत कोरीच आहे,
तिथे रेघ नुसती हाताने पुढे ओढलीय, तुटक तुटक.
सात मिलिरेडियनचा ठिपका ट्रकमुळे जरा वर गेलाय.
खोडला नाही. बाजूला लिहिलं: ट्रक.

आधारभाऊंनी हीटर बंद केला.
आता वाफ हळूहळू काचेला टेकेल,
सकाळी कोपऱ्यात एक मळकट चांदीचा डाग असेल
तिळाएवढा.
बाहेर अजून छत्तीस.
पांझरेकडून वारा आला, तोही कोमटच,
आणि जिन्यावर त्यांनी मोबाइलचा टॉर्च
माझ्या पायांपुढे धरला,
जरा तिरका,
म्हणजे पायरी दिसेल.