कस

मंगळवारी, भांडी अर्धी घासून झाली होती,
फोनवर तो म्हणाला,
श्री. सर्जेराव ज्ञानू मुळीक, राहणार विटा,
यांच्या नावे अठ्ठावन्न हजार तीनशे बाकी.
दोन तासांत भरा,
नाहीतर गाडी निघालीच म्हणून समजा सांगलीहून.

कसली गाडी?
पोलिसांची.
हात साबणाचे, फोन खांद्यात दाबलेला,
आणि मनात हे, की तासगाव स्टँडवर चहा घेतला
तर दोन तासांत नाही पोचायचे.

बरंच ठाऊक होतं त्याला.
सेलमच्या दुकानाची गल्ली,
आधारचे शेवटचे चार आकडे.
मी वीस वर्षं वही लिहिलीय
एवढंच तेवढं ठाऊक नव्हतं.

हे गलाईवाले. परमुलखात सोनं वितळवायचे.
बोटं पिवळी, कायमची;
हळदीनं होतात तशी नव्हे, तेजाबानं.
दिवाळीला आले की मलाही दाखवायचे:
चकाकतं ते आधी दगडावर घास.
रेघ उमटली की थेंब टाक.
पितळ असलं तर हिरवा फेस येतो, रेघ पळते.
सोनं गप्प बसतं.

म्हणून घासलं.
कंपनीचं नाव सांगा.
सांगितलं, दोनदा, दोन्ही वेळा वेगळं.
शाखा कुठली?
वरून आलंय, म्हणाला.
मग लेखी पाठवा, पोस्टानं,
पत्ता तर आहेच तुमच्याकडं.

तेव्हा फेस आला.
बाई, पोराच्या कॉलेजात फोन करू का,
भावकीच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकू का,
लिंक पाठवलीय, दाब आधी.
अहो-जाहोची रेघ तिथंच पळाली.
मी फोन कापला.
धीटपणा नव्हे तो. मोरीजवळ खाली बसले,
नळ तसाच वाहत होता.

देणं काय असतं मला माहीत आहे.
बाबालाल तांबोळी यायचा,
चपला उंबऱ्याबाहेर,
आधी विहिरीला पाणी किती ते विचारायचा,
मग वही उघडायचा आणि फिरवायचा माझ्याकडं,
वाचा वहिनी, तुम्हीच वाचा.
दसऱ्यापर्यंत थांब म्हटलं तर थांबला.
शेवटचे चारशे दिले त्या दिवशी
चिठ्ठी माझ्यादेखत फाडून
स्वतःच चुलीत टाकली, आणि चहा संपवून गेला.

पण रात्री झोप नाही.
माणूस वीस वर्षं तिकडं, मी इकडं.
वहीत उतरलं ते त्यांनी सांगितलेलं.
न सांगितलेलं कुठल्या रकान्यात असतं?
त्या मेल्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं,
त्याला कल्पनाही नसताना.

बुधवारी बँक उघडायच्या आधीच पायरीवर.
प्रणोती म्हणून पोरगी आहे काउंटरला,
तिनं स्क्रीन फिरवला माझ्याकडं,
अगदी बाबालालच्या वहीसारखा.
वाचा काकू.
दोन हजार सोळाला बंद. बाकी शून्य.
म्हणाली, रुपयासुद्धा टाकू नका कुणाला,
लिंक दाबू नका, नंबर जपून ठेवा,
एक-नऊ-तीन-शून्यला कळवा.
तिथूनच कळवलं. तिनंच लावून दिला.

घरी येऊन शून्य वहीत लिहिलं.
तारखेसकट. खाली रेघ मारली.

आता कुणाला सांगायचं नाही असं एक.
तीन वर्षांत रेशनकार्डावरून, लाइटबिलावरून,
घरपट्टीवरून
त्यांचं नाव मीच एकेक करून उतरवलं,
दाखला जोडून, सही करून.
मंगळवारी कुणीतरी ते सबंध घेतलं,
बापाच्या नावासकट, श्री. लावून,
जसे काही आतल्या खोलीत
सदरा बदलतायत.

क्षणभर, अगदी क्षणभर,
ओला हात पदराला पुसत
मी म्हणणारच होते,
थांबा हं, देते त्यांच्याकडं.